जीभ न लावता

२ फेब्रुवारी, सोमवार

रोज दहा ओळी लिहायच्या, असं सूनबाईचं फर्मान. वही तिनंच आणली. परीक्षेत लेखी पेपर आहे आणि माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरून ठेवल्यासारखं. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर सहीपुरताच हात चालला.

परीक्षा कसली ते लिहिते, तेवढ्या ओळी भरतील. छत्तीस वर्षं मी साबण करते. घरामागं पत्र्याची खोली आहे, तिला आम्ही भट्टी म्हणतो. मी शिजवते, धाकटी नणंद ढवळते, सून वड्या कापून कागदात बांधते. तेल, पाणी, कॉस्टिक सोडा. चौथं काही नाही. आता नवा नियम आला. कॉस्टिक हाताळणाऱ्यानं रसायनशास्त्राची प्राथमिक परीक्षा द्यायची. चाळीस मार्कांची, वीसला पास. मार्च संपेपर्यंत दाखला नाही दाखवला तर कॉस्टिक मिळणार नाही. कॉस्टिक नाही म्हणजे साबण नाही, म्हणजे आम्ही तिघी घरी बसणार.

मी सुनेला म्हटलं, "तू दे. तू कॉलेजात गेलेली."

"भट्टी तुमच्या नावावर आहे आई. आणि शिजवता तुम्ही."

दहापेक्षा जास्तच झाल्या. पुरे.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज अणू. दिसत नाही, हातात येत नाही, पण सगळं त्याचंच बनलेलं. म्हटलं, दाखव. म्हणे दाखवता येत नाही. मग मी कशावर विश्वास ठेवू? सून हसली. तिला शिकवताना फार हसू येतं. घरात इतकी कधी हसत नाही.

मग खुणा. प्रत्येक पदार्थाला इंग्रजी अक्षराची खूण. सोडियमला 'एस' पाहिजे की नाही? तर म्हणे 'एनए'. म्हटलं हे काय, लग्न करून आलीय का ही, नाव बदलून?

नणंद म्हणाली, "वहिनी, तुझं माहेरचं नाव आता कुणाला आठवतंय? तसंच ते." ढवळायचं सोडून हिला सगळं सुचतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

कॉस्टिकची नवी गोणी आली. नेहमी पापुद्रे असतात, या वेळी बारीक पांढरे मणी. दुकानदाराला विचारलं तर तेच आहे म्हणाला, फक्त रूप वेगळं. चांगलं झालं. पापुद्रे मगात वेडेवाकडे बसायचे, मध्ये पोकळी राहायची. मणी कसे गच्च बसतात.

वीस किलो तेलाला सात मग, सासूच्या वेळेपासूनचं माप. सात घातले. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधी ओतायचं नाही, नाहीतर उसळून तोंडावर येतं. हे पुस्तकातही आहे म्हणे. म्हणजे पुस्तकाला थोडं कळतं.

अभ्यास झाला नाही. हात दुखतोय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

वड्या कापताना कडा तुटताहेत. खडूसारख्या. सुनेला म्हटलं, सुरीला धार नाही, तुझं लक्षही नाही. ती म्हणाली, "आई, माप चुकलं नसेल ना?"

छत्तीस वर्षं झाली. सात मग. चुकणार काय त्यात?

तरी जिभेला विचारलं. साबण झाला की नाही ते असंच बघायचं, सासूनं शिकवलेलं. वडीला जिभेचं टोक लावायचं. चावली तर कच्ची, कॉस्टिक उरलंय. नाही चावली तर पक्की. मला काही चावलं नाही. पक्की आहे. सून म्हणते हे करू नये. तिच्या पुस्तकात लिहिलंय की प्रयोगशाळेत काहीही चाखायचं नाही. मी म्हटलं ही प्रयोगशाळा नाही, भट्टी आहे.

आणि जेवणाकडेही लक्ष नाही तिचं. भाजीत मीठच नव्हतं. हल्ली रोजचंच झालंय. मी उठून पातेल्यातच वरून दोन चिमटी घातलं. नणंद जेवताना तीन पेले पाणी प्यायली. उकडतंय म्हणाली. मला तर थंडी वाजत होती.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज डोक्यात उजेड पडला. लिहून ठेवते, उद्या विसरेन.

सून सांगत होती, तेलाचा एक कण म्हणजे एक आधार आणि त्याला तीन लांब शेपट्या. तिनं कागदावर काढलं. ते बघून मी म्हटलं, हा तर हँगर. एका हँगरवर तीन शर्ट. कॉस्टिकचे तीन जण येतात, एकेक शर्ट उचलतात. शर्ट घातलेला कॉस्टिक म्हणजे साबण. रिकामा हँगर राहतो ते ग्लिसरीन.

सून बघतच राहिली. म्हणाली, "आई, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं."

म्हटलं, "तुला कपडे वाळत घालायला लावले नसतील."

मग मोल. एवढुशा कणांना मोजायचं कसं? मोजायचंच नाही, तोलायचं. हे मला लगेच पटलं. खिळे घ्यायला गेलं तर दुकानदार एकेक मोजतो का? तोलून देतो. एका खिळ्याचं वजन माहीत असलं की झालं. सून म्हणाली, म्हणूनच रसायनात वजन महत्त्वाचं, मग-वाटी नव्हे. बरं म्हटलं. परीक्षेत तसं लिहीन.

वड्या दवाखान्याच्या धुलाईघरात पोचत्या केल्या. ऐंशी.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

समीकरणं. डावीकडे जितके, उजवीकडे तितकेच. काही हरवत नाही, आकाशातून काही पडत नाही. रसायनशास्त्रात ही एक गोष्ट मला मनापासून आवडली. सात जमली, दोन चुकली. नणंदही डोकावते आता. तिला विचारलं, लाकूड जळतं तो कुठला बदल? म्हणाली, "जळणाऱ्याला विचार."

२६ फेब्रुवारी, गुरुवार

धुलाईघरातली बाई आली होती. चादरी धुणारी, उंच, खणखणीत आवाजाची. दोन्ही हात माझ्यापुढं धरले. बोटांच्या बेचक्यांत लाल, कातडं सुटलेलं.

"मावशी, तुमच्या साबणानं झालं."

"आमच्या साबणानं? छत्तीस वर्षांत कुणाचं झालं नाही. तुम्ही त्यात दवाखान्याची औषधं मिसळत असाल."

"काही मिसळत नाही. आम्ही चौघी आहोत, चौघींचे हात असे झालेत."

"मग रबरी मोजे घालायचे. नाजूक हात घेऊन धुलाईला कशाला यायचं?"

ती पिशवीतली अर्धी झिजलेली वडी माझ्यापुढं ठेवून गेली. सून दारात उभी होती. वडी उचलून आत घेऊन गेली. माणसं हल्ली फार तक्रारी करतात.

परीक्षा मंगळवारी.

३ मार्च, मंगळवार

काय लिहू.

लेखी ठीक गेलं. हँगरचं चित्र काढलं. मग प्रात्यक्षिक. टेबलावर तीन बाटल्या, अ, ब, क. एकीत आम्ल, एकीत अल्कली, एकीत नुसतं पाणी. कुठली कुठली ते ओळखा. बाजूला रंगाच्या कागदांची डबी. निरीक्षकबाई पुढच्या माणसाचं नाव लिहीत होत्या. मला कुठं वेळ. अ उघडली, बोट बुडवलं, जिभेला लावलं. आंबट. आम्ल. ब उघडली, बोट, जीभ. काही नाही. म्हटलं, "हे पाणी."

निरीक्षकबाई खुर्चीवरून अशा उठल्या की खुर्ची पडली. "आजी! काय करताय! थुंका, थुंका आधी! चूळ भरा!"

सगळी खोली बघायला लागली. चूळ भरली. त्यांनी कागदावर लाल रेघ मारली. चाखलं की बाद, बाकी पेपर कितीही चांगला असो. चोवीस तारखेला पुन्हा बोलावलंय. शेवटची संधी.

जाताना म्हणाल्या, "आणि ब म्हणजे पाणी नव्हतं आजी. धुण्याच्या सोड्याचं पाणी होतं."

चिठ्ठ्या उलट्यापालट्या लावल्या असणार. इतक्या बाटल्या मांडल्यावर होतंच.

४ मार्च, बुधवार

कुणाशी बोलले नाही. नणंदेनं दोनदा विचारलं, "वहिनी, सोडा चवीला कसा असतो गं?" तिसऱ्यांदा विचारायला आली तेव्हा माझ्या हातात झारा होता.

६ मार्च, शुक्रवार

सून बाजारात गेली, नणंद आडवी झाली होती. मी चार पेले घेतले. एकात साधं पाणी. एकात चिमटीभर मीठ, एकात अर्धा चमचा, एकात पूर्ण चमचा. बुडाला खडूनं खुणा केल्या. डोळे मिटून फिरवले. मग एकेक चाखला.

मला जे साधं पाणी वाटलं ते उलटं करून बघितलं. अर्धा चमचा.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

७ मार्च, शनिवार

आज लिहीत नाही.

८ मार्च, रविवार

सकाळी दोघींना समोर बसवलं. विचारलं, भाजीत मीठ असतं का?

दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या.

"असतं आई," सून म्हणाली. "तुम्ही वरून घालायच्या आधी आम्ही दोघींची वाटी काढून ठेवतो. तीन-चार महिने झाले."

"मला तर त्या दिवशी काढायला उशीर झाला," नणंद म्हणाली. "विहीर प्यायले मी."

"मग सांगितलं का नाही?"

"तुला?" नणंद म्हणाली. "आधी तू हातातला झारा खाली ठेव, मग सांगते."

झारा खरंच हातात होता. ठेवला.

सून आत जाऊन ती वडी घेऊन आली, धुलाईवाली आली त्या दिवशी उचललेली. ओल्या वडीवर अभ्यासासाठी आणलेला रंगाचा कागद दाबला. रंगावरून अल्कलीचा आकडा कळतो; चांगला साबण नऊ-साडेनऊवर यायला हवा, तेव्हा कागद हिरवट होतो. हा गडद निळा झाला. तिनं हे त्याच दिवशी बघितलं होतं. परीक्षेच्या तोंडावर सांगायचं नाही असं ठरवलं म्हणे. मी रागावणार होते. मग त्या बाईची बोटं आठवली आणि कुणावर रागवायचं ते कळेना.

पण वीस किलोत इतकं कॉस्टिक उरलं कसं? जीभ बिघडली म्हणून कळलं नाही, ते खरं. पण जिभेनं काही साबणात कॉस्टिक घातलं नाही. सात मग होते, सातच.

आणि मग मीच उठले. पिंपाच्या तळाशी जुने पापुद्रे होते थोडे. त्यांनी मापाचा मग भरून तोलला. चारशे ग्रॅम. मण्यांनी भरला, तोलला. पाचशे.

पोकळी. पापुद्र्यांत पोकळी राहायची ना.

सात मग, दर मगाला शंभर जास्त. सातशे ग्रॅम. सातशे ग्रॅम कॉस्टिक बिनशर्टाचं हिंडत होतं त्या वड्यांत, आणि मिळेल त्याचं कातडं ओढत होतं.

९ मार्च, सोमवार

धुलाईघरात गेले. सून येते म्हणाली, नको म्हटलं. आत नुसती वाफ, चादरींचे ढीग, चौघी बायका. तिघींच्या हातांना पट्ट्या. ती उंच बाई मला बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

म्हटलं, "साबण माझा वाईट होता. तुमचे हात नाही."

"काय?"

"माझं माप चुकलं. कॉस्टिक जास्त पडलं. तुम्ही सांगायला आलात आणि मी तुम्हालाच बोलले. ते चुकलं माझं. उरलेल्या वड्या द्या, घेऊन जाते."

तिनं कमरेवरचे हात काढले. मग म्हणाली, "म्हणजे ते रबरी मोजे नकोत?"

"मोजे घाला. हात तुमचे आहेत. पण माझ्या साबणाच्या भीतीनं नको."

मागची एक हसली, मग उंचही हसली. एकावन्न वड्या परत मिळाल्या. पोतं तिनं स्वतः दारापर्यंत आणून दिलं, पट्ट्या बांधलेल्या हातांनी. मी उचला म्हटलं नव्हतं. वाटेत मला जरा बसावं लागलं. ऊन होतं.

१२ मार्च, गुरुवार

भट्टीवर बिघडलेल्या साबणाचं काम. सगळ्या वड्या परत आल्या असत्या तर सोपं होतं. मी हिशेब मांडला, सुनेला पेन्सिलीला हात लावू दिला नाही. एक किलो तेल एकशेचाळीस ग्रॅम कॉस्टिक घेतं. वीस किलो तेलानं दोन किलो आठशे घेतलं. पडलं साडेतीन किलो. उरलं सातशे. त्याला शर्ट द्यायचे तर पाच किलो तेल पाहिजे. पण वड्या ऐंशीतल्या एकावन्न. म्हणजे पाचाला एकावन्ननं गुणायचं, ऐंशीनं भागायचं. तीन किलो आणि दोनशे ग्रॅमच्या जवळ.

सुनेनं तिच्या कागदावर वेगळं करून बघितलं. माझ्याकडं बघून मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं. कॉस्टिकच्या वाफेनं होतं तसं.

किसून, पाणी घालून, तेल घालून पुन्हा शिजवला. थोडं तेल वर घातलं, हात सैल ठेवून. नणंदेनं चार तास ढवळलं. म्हणाली, "पुढच्या जन्मी मला ग्लिसरीन कर. रिकामा हँगर. कुणी काम सांगत नाही."

१८ मार्च, बुधवार

रंगाचा कागद साडेनऊ. तीनदा बघितलं, तीन वेगळ्या वड्यांवर. सून बघत नव्हती तेव्हा जीभ पुढं आली होती, सवयीनं. मागं घेतली.

मापाचा जुना मग फेकणार होते. नणंद म्हणाली, पाणी प्यायला ठेव. मी म्हटलं, कॉस्टिकच्या मगातून पाणी? तुझी परीक्षा कधी आहे? शेवटी हातोड्यानं चेपला. आता तराजू.

२४ मार्च, मंगळवार

तीन बाटल्या. मी दोन्ही हात पदराला पुसले आणि आधी कागदाची डबी उघडली. निरीक्षकबाई या वेळी माझ्या शेजारीच उभ्या होत्या, हातात पाण्याचा पेला तयार. अ अल्कली, ब पाणी, क आम्ल. बरोबर.

मग तोंडी. "साबण करताना घटक वजनानं का घ्यावेत, आकारमानानं का नाही?"

मी सांगितलं, पापुद्रे आणि मणी, चारशे आणि पाचशे. एका मगात भरलं तरी कण सारखे मावत नाहीत.

बाईंनी मान वर केली. "हे पुस्तकात नाही आजी. कुठून सुचलं?"

इथं मला 'सुचलं असंच' म्हणता आलं असतं. सून दाराच्या काचेतून बघत होती. पण सुचलं नव्हतं ते. चार बायकांची कातडी गेली तेव्हा कळलं. सांगून टाकलं. सगळं. जिभेचंही.

त्यांचं पेन थांबलं. "किती वड्या बाहेर गेल्या?"

"ऐंशी. एकावन्न परत आणल्या. बाकीच्या वापरून झाल्या होत्या."

"बसा," म्हणाल्या, आणि कागद घेऊन आतल्या खोलीत गेल्या. मी बसले. एवढं सरळ बोलून भट्टी घालवली असं वाटलं. छत्तीस वर्षं आणि एक तोंड, जे वेळेवर बंद होत नाही. सून आत येऊन शेजारी बसली. तिचा हात गार पडला होता. माझा तिनं धरला, की मी तिचा, लक्षात नाही.

बऱ्याच वेळानं बाई आल्या. चाळीसपैकी एकोणतीस. पास. पण दाखल्यावर एक अट लिहिली: शिजवणाऱ्यानं स्वतःचा साबण पास करायचा नाही. दुसऱ्या शिकलेल्या माणसानं कागदावर तपासून, तारीख घालून, सही करायची. त्या माणसानं पुढची परीक्षा द्यायची.

मी म्हटलं, "म्हणजे माझ्या साबणाला दुसऱ्याची परवानगी?"

"हो," बाई म्हणाल्या. "माझ्याही कामावर दुसऱ्याची सही लागते आजी."

सुनेनं पिशवीतून परीक्षेचा फॉर्म काढून तिथंच दिला. भरलेला होता. तारीख बघितली, फेब्रुवारीतली. माझा आणायला गेली तेव्हा चुकून जास्तीचा आला असेल. पण काम झालं.

२७ मार्च, शुक्रवार

सून सकाळपासून गुणगुणतेय. तिला म्हटलं, आवाज बरा आहे, पण तराजू पूस आधी. ती पुसताना गुणगुणतच होती.

८ एप्रिल, बुधवार

नवा साबण. तोलून घेतलेलं सगळं, ग्रॅमपर्यंत. रंग असा की बघत राहावं. कडा सरळ. छत्तीस वर्षांत इतका सुंदर पडला नसेल.

धुलाईघरातली उंच बाई दारात उभी, पिशवी घेऊन. हात बरे झालेत, नवं कातडं गुलाबी दिसतंय. म्हणाली, "दुसरीकडचा साबण आणला होता, फेस येत नाही. तुमचा द्या."

मी सुरी उचलली. सुनेनं वडी ओली केली, कागद दाबला, खिडकीशी नेऊन बघितला. मग दुसऱ्या वडीवर. जरा घाबरतच म्हणाली, "आई, साडेदहा येतंय. आज नाही. अजून चार-पाच दिवस मुरायला हवा."

मला ते मान्य नव्हतं. साबण हाताला कळतो. पण हाताला कळतो म्हणून मी आधीही खूप काही केलंय.

उंच बाई माझ्याकडंच बघत होती. "मालकीण तुम्ही ना मावशी? तुम्ही म्हणा की."

"मालकीण मी," मी म्हटलं. "पण साबण झाला की नाही ते ही सांगते. सोमवारी या."